टकळी, पडदा आणि संगणक : कुरखेड्याच्या वर्गातून कौशल्यशिक्षणाच्या इतिहासाकडे

प्रास्ताविक

वर्गात यंत्र आले की विद्यार्थी कुशल होतो, हा समज आपल्या शिक्षणव्यवस्थेत खोलवर रुजलेला आहे. महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या वेळी संगणक किती, प्रक्षेपक किती, इंटरनेटचा वेग किती, याचे तक्ते आपण तत्परतेने भरतो. या साधनांमुळे विद्यार्थ्याला नेमके कोणते काम करता येऊ लागले, हे लिहावयाची वेळ आली म्हणजे मात्र लेखणी अडखळते. ती का अडखळते, याचा ऐतिहासिक अंगाने शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनाचे केंद्र कुरखेडा हे ठेवले आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातील हा तालुका. पूर्वेस कोरची व त्यापलीकडे छत्तीसगढ, पश्चिमेच्या बाजूस आरमोरी आणि देसाईगंज. शेती धानाची, पण हाती पडणाऱ्या रोख पैशाचा मोठा भाग तेंदू, मोहफूल आणि बांबू यांतून येणारा. वर्गात झाडीबोली, गोंडी आणि छत्तीसगढी बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात. येथील महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. पदवी घेतलेला विद्यार्थी एक तर पोलीस भरती वा तलाठी परीक्षेच्या तयारीला लागतो, नाही तर गावी परततो, आणि गावी परतला की शिकलेला म्हणून ग्रामसभेची वही बहुधा त्याच्याच हाती येते. अशा ठिकाणी ‘आधुनिक जीवनकौशल्ये’ या शब्दांचा अर्थ पुण्या-मुंबईहून उसना आणावा, की येथील कामांतून तो शोधावा, हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा राहत नाही.

वर्गात साधन आणून त्याद्वारे जगण्याचे कौशल्य शिकवावे, ही कल्पना संगणकाबरोबर आलेली नाही. तिचा पहिला मोठा आणि पद्धतशीर प्रयोग याच प्रांतात, कुरखेड्याहून एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर झाला. त्या प्रयोगातील यंत्र म्हणजे टकळी.

वर्धा योजना : टकळी हे वर्गातील यंत्र

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे सक्तीचे व मोफत शिक्षण, मातृभाषा हे माध्यम आणि कोणत्या तरी उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम, असे तिचे ठराव होते. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात अहवाल सादर केला. त्या अहवालातील वेळापत्रक आजही डोळ्यांखालून घालण्यासारखे आहे. साडेपाच तासांच्या शालेय दिवसापैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला. संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे. मातृभाषेला ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना ३० मिनिटे. उरलेला वेळ व्यायाम आणि मधली सुट्टी यांचा.

टीकाकारांनी या ३ तास २० मिनिटांवरच बोट ठेवले. मुलांना कारागीर बनवावयाचे काय, त्यांच्या श्रमावर शिक्षकांचे वेतन भागवावयाचे काय, असे आक्षेप परिषदेतच निघाले, अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा हे त्यांत अग्रभागी होते. आक्षेप निराधार नव्हते. तथापि टकळीच्या गणिताकडे जरा बारकाईने पाहावयास हवे. चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी. अर्ध्या तासात किती तार निघाले, त्यावरून वेग; गुंडीचे वजन केले की सुताचा अंक; कापूस किती घेतला आणि सूत किती झाले, यावरून घट. सरासरी, गुणोत्तर, शेकडेवारी हे सगळे मुलाच्या हातातील वस्तूतून निघते, आणि उत्तर चुकले तर ते गुरुजींनी सांगावे लागत नाही; तराजू सांगतो. शिक्षणसाधन म्हणून टकळी क्षुद्र होती असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा.

मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने या विचाराला आपले रूप दिले ते विद्यामंदिर योजनेच्या नावाने. शिक्षणमंत्री व पुढे मुख्यमंत्री झालेले रविशंकर शुक्ल हे तिचे प्रवर्तक. गावाने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, अशी ही कल्पना होती. तत्कालीन चांदा जिल्हा याच प्रांतातला. त्याच्या पूर्व भागात जमीनदाऱ्या पसरलेल्या होत्या आणि तेथे शाळा विरळ होत्या. योजनेच्या नावावरूनच मुस्लिम लीगने वाद उभा केला; १९३९ च्या नोव्हेंबरात काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि सरकारी आधार सुटला. सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघाचे काम आर्यनायकम् दांपत्याच्या नेतृत्वाखाली चालू राहिले, स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षण हे राष्ट्रीय धोरणही झाले. पण शाळाशाळांतून त्याचा प्राण निघून गेला होता.

तो का गेला, याची राजकीय कारणे सांगून थांबण्याची पद्धत आहे. माझ्या मते कारण अधिक जवळचे आहे. सेवाग्रामात काढलेले सूत विणले जाई आणि अंगावर येई. इतरत्र शाळेत काढलेल्या कच्च्या सुताची कोणालाच वाट नव्हती. ते नोंदवहीत चढे आणि कोपऱ्यात पडे. ज्या क्षणी सुताला घेणारा उरला नाही, त्या क्षणी टकळीचे गणितही पाठ म्हणावयाचे गणित झाले. शिवाय शहरातील इंग्रजी शाळेत टकळी नाही आणि आपल्या मुलाच्या हाती मात्र ती आहे, हे पालकांच्या नजरेतून सुटले नव्हते. दुय्यम दर्जाचे शिक्षण आपल्याला मिळते आहे, ही शंका खेड्यातील माणसाला लवकर येते, आणि बरेचदा ती खरी असते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) मूलोद्योगाच्या जागी ‘कार्यानुभव’ सुचवला. पुढे ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ आले. आपल्यापैकी अनेकांनी त्या तासाला कागदी फुले केलेली आहेत.

पडद्यापुढचा वर्ग

यानंतरचे साधन पाहण्याचे होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा प्रयोग (‘साइट’) देशातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० गावांत झाला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. मध्य प्रदेश होता, आणि त्यातही निवड छत्तीसगढ भागाची झाली होती. म्हणजे कुरखेड्याच्या पूर्व सीमेपलीकडच्या मुलखात उपग्रहाचे चित्र आले, अलीकडे आले नाही. पुढे इन्सॅट मालिकेतील उपग्रहांवर आधारित शैक्षणिक प्रसारणासाठी निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश झाला आणि १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम सुरू झाला. बालचित्रवाणीच्या मराठी कार्यक्रमांनी एका पिढीला आनंद दिला, हे नाकारता येणार नाही. २०१७ मध्ये ती संस्था बंद करण्यात आली.

या काळात गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा नुकता कोठे झाला होता (२६ ऑगस्ट १९८२). दूरचित्रवाणी संच, अखंड वीज आणि दुरुस्तीस येणारा माणूस या तिन्ही गोष्टी एकाच वेळी ज्या शाळेत असतील, तीच शाळा हे शिक्षण घेऊ शकत होती. पण या अडचणी दूर झाल्या असत्या तरी मूळ मर्यादा राहिलीच असती. पडद्यापुढे बसलेल्या मुलाच्या हातून काहीच घडत नव्हते. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रकल्प ब्रिटिश बनावटीच्या ‘बीबीसी मायक्रो’ यंत्रांवर सुरू केला, तेव्हाही तो आरंभी देशभरातील अवघ्या अडीचशे शाळांपुरता होता. १९८७ पासूनच्या खडू-फळा मोहिमेचे उद्दिष्ट प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक मिळावेत हे होते. एकीकडे उपग्रह आणि दुसरीकडे फळा, ही त्या दशकाची दोन टोके. दुर्गम भागाच्या वाट्याला दुसरे टोक आले, आणि तेही पुरते नाही.

पाबळचा धागा

टकळीचा तुटलेला धागा याच दशकात एका वेगळ्या ठिकाणी पुन्हा जोडला गेला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील पद सोडून डॉ. श्री. श. कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम स्थापन केला. माध्यमिक शाळेतील मुलांनी आठवड्यातील एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या क्षेत्रांतील प्रत्यक्ष काम करावे, अशी रचना तेथे विकसित झाली. तिचे मर्म विषयांच्या यादीत नाही. मुलांनी केलेले काम गावाला सेवा म्हणून द्यावयाचे, हे तिचे मर्म. जोडकाम केले ते कोणाच्या तरी फाटकाचे. भूगर्भातील पाण्याचा शोध घेण्याचे विद्युतरोधमापक यंत्र आश्रमात तयार झाले, आणि ते घेऊन तरुण शेतकऱ्यांच्या शेतात गेले. पाणी लागले की नाही, हा निकाल परीक्षकाच्या हाती नव्हता.

२००२ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या ‘फॅब लॅब’ या संकल्पनेतील अगदी आरंभीच्या प्रयोगशाळांपैकी एक पाबळला आली. संगणकनियंत्रित यंत्रे तेथे सहज सामावली गेली, याचे कारण ती यंत्रे येण्यापूर्वीच काम तेथे हजर होते. आपल्याकडे बहुधा उलट घडते. आधी यंत्र येते, मग त्याच्यासाठी काम शोधले जाते, आणि ते सापडेपर्यंत हमीची मुदत संपते.

प्रमाणपत्राचा संगणक

महाराष्ट्रात संगणक तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचविण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळास आणि त्याच्या ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमास द्यावे लागते. मराठीतून शिकण्याची सोय, खाजगी केंद्रांचे विस्तृत जाळे आणि शासकीय नोकरीसाठी प्रमाणपत्राची उपयुक्तता, यांमुळे ज्या घरात कोणी टंकलेखन यंत्रही पाहिले नव्हते त्या घरातील मुलगी संगणकापुढे बसली. ही घटना लहान नव्हे.

मात्र प्रमाणपत्र हेच काम झाले की काय होते, तेही आपण पाहिले आहे. विद्यार्थ्याला आज्ञांची नावे येतात, पण अर्ज लिहिता येत नाही. मराठी अक्षरांची गोष्ट याच प्रकारची. अनेक वर्षे निरनिराळ्या केंद्रांत निरनिराळे फॉन्ट शिकवले गेले. एका यंत्रावर लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की अक्षरांऐवजी चिन्हांची रांगोळी दिसे. युनिकोडने हा प्रश्न सोडवला. तरीही फॉन्ट आणि कळफलक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पदवीधर विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागते, कारण त्याने लिहिलेला मजकूर दुसऱ्या कोणी वाचावा असा प्रसंगच शिक्षणात आलेला नसतो. परीक्षेतील मजकूर परीक्षेच्याच यंत्रावर राहतो.

शालेय स्तरावर २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात डिजिटल शाळांची लाट आली. लोकवर्गणीतून संच घेतले गेले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर संकेत वापरण्याचा प्रयोग केला, पुढे तो बालभारतीच्या पुस्तकांत आला, आणि २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळाला. त्याच वर्षी मार्चपासून वर्ग बंद झाले आणि ज्याच्याकडे फोन व ज्याच्या गावात नेटवर्क त्याचेच शिक्षण, अशी स्थिती आली. त्या दिवसांविषयी आपण सर्वांनी पुष्कळ लिहिले आहे. येथे त्याची पुनरुक्ती करीत नाही.

जंगलाचा नकाशा, जुनी गॅझेटिअरे आणि तेंदूचे कार्ड

महाविद्यालये प्रमाणपत्रांच्या मागे असताना या जिल्ह्यात तंत्रज्ञान एका वेगळ्याच वर्गात शिरत होते. त्या वर्गाला छप्पर नव्हते.

२००६ चा वनहक्क कायदा आणि २००८ चे नियम यांनी ग्रामसभेला आपल्या परंपरागत सामूहिक वनाचा दावा करण्याचा अधिकार दिला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून अधिक वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून त्या गावात ‘अभ्यासगट’ ही संस्था फार आधी रुजली होती. एकत्र बसून कायदा वाचावयाचा, शंका काढावयाच्या, आणि निर्णय मात्र ग्रामसभेतच घ्यावयाचा. यंत्र येण्यापूर्वी काम हजर असणे म्हणजे काय, याचे हे जिल्ह्यातीलच उदाहरण. पुढील काळात जिल्ह्यातील हजारांहून अधिक ग्रामसभांना असे हक्क मिळाले. कुरखेडा व कोरची तालुक्यांतील गावेही त्यांत आहेत.

दाव्यासाठी काय काय लागते? सीमा चालून जीपीएस यंत्राने घेतलेले बिंदू आणि त्यांवरून केलेला नकाशा. वडीलधाऱ्यांची निवेदने. आणि नियमांनी पुरावा म्हणून मान्य केलेली जुनी कागदपत्रे : गॅझेटिअर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, निस्तारपत्रक. इतिहासाच्या अध्यापकाने येथे थोडे थांबावे. मेजर ल्यूसी स्मिथ यांचा १८६९ चा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल आणि १९०९ चे चांदा गॅझेटिअर ही साधने एकेकाळी नागपूरला जाऊन, ओळखीचे पत्र घेऊन पाहावी लागत. आज जुन्या गॅझेटिअरांच्या प्रती कुरखेड्यातील विद्यार्थ्याच्या फोनवर उघडतात. त्यांतील गावनावे इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिपिकांनी कानाला लागली तशी लिहिलेली आहेत. नागपूरच्या संशोधकाला जे नाव नकाशावर सापडत नाही, ते मोठ्याने वाचताच येथील मुलगा म्हणतो, ‘हे तर आमच्या पलीकडचं टोला, सर.’ संदर्भ शोधणे, दोन साधने ताडून पाहणे, तोंडी माहिती व लेखी नोंद यांतील फरक ओळखणे, तो अर्जाच्या भाषेत मांडणे, हे इतिहासाच्या पद्धतीशास्त्रातील जुनेच पाठ. त्यांना बाजारात काय किंमत आहे, असे आम्हाला वारंवार विचारले जाते. येथे ती किंमत हेक्टरात मोजता येते.

तेंदूचा अनुभव मला स्वतःला अधिक शिकवून गेला. २०१३ पासून गोंदिया व गडचिरोली जिल्ह्यांतील ग्रामसभा तेंदूपत्त्याची विक्री स्वतः करू लागल्या. तेव्हापासून लिलावाची सूचना, करारनामा, संकलनाची नोंद, मजुरीचे वाटप हे सगळे लेखन गावाकडे आले. ७० पानांचे एक पुडके, १,००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी. संकलन करणाऱ्या कुटुंबाच्या कार्डावर रोजची पुडकी चढतात; भाव मात्र गोणीचा ठरतो.

अंतिम वर्षाच्या एका वर्गात मी विद्यार्थ्यांना घरची तेंदूची कार्डे आणावयास सांगितली आणि ती संगणकावर तक्त्यात भरावयास दिली. बहुतेकांकडे संगणकाचे प्रमाणपत्र होते. एका विद्यार्थिनीने रकान्यांना सुरेख रंग दिले आणि ती थांबली. ओळ कशाची करावयाची आणि स्तंभ कशाचा, हेच ठरेना. तारीख, पुडकी आणि सदस्याचे नाव तिने एकाच चौकटीत लिहिले होते. तिला येत नव्हते असे नाही. कोणता प्रश्न विचारावयाचा आहे हेच ठरलेले नसेल, तर तक्ता कसा आखणार? तिसऱ्या दिवशी तिच्या टोल्यावरील आणखी काही कार्डे आली. फळीवरच्या मुन्शीची वही आणि कार्डे यांची बेरीज जुळते का, असे कोणीतरी विचारले. त्या एका प्रश्नासरशी तक्त्याला आकार आला. दोन कार्डांत फरक निघाला. एका ठिकाणी नोंद राहून गेलेली, दुसऱ्या ठिकाणी कार्डावरच आकडा गिरवून बदललेला. म्हणजे चूक दोन्ही बाजूंना होती. विद्यार्थिनी म्हणाली, ‘सर, हे ग्रामसभेत सांगायचं तर आधी पुन्हा एकदा मोजू या.’ पडताळणीचा हा पाठ मी शिकवलेला नव्हता. टकळीच्या वर्गात तराजू जे करीत होता, ते येथे वहीने केले.

हा अनुभव एका वर्गाचा आहे आणि त्यावरून सिद्धान्त मांडण्याची घाई करू नये. त्यात एक धोकाही दिसला. गावची माहिती महाविद्यालयाच्या यंत्रावर आली की ती कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. कोणाला किती मजुरी मिळाली हे वर्गातील तीस जणांनी पाहावे काय? आम्ही पुढे नावांऐवजी क्रमांक वापरले आणि मूळ प्रत ग्रामसभेच्या अध्यक्षांकडे दिली. हेही कौशल्यच; संगणकाच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात मला ते आढळलेले नाही. दुसरा आक्षेप वर्धा योजनेइतकाच जुना आहे. तेंदूचा हिशेब करून आमच्या मुलांनी गावातच राहावे काय, शहरातील मुले काय शिकतात ते यांना का नको? पालकांच्या या शंकेला उडवून लावता येणार नाही. माझ्यापुरते उत्तर एवढेच की, ओळ आणि स्तंभ यांतील फरक ज्याला कार्डावर कळला, त्याला तो बँकेच्या परीक्षेतही कळतो. उलट दिशेने मात्र हे क्वचितच घडते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीसाठी राज्याने ठरविलेल्या नव्या पदवी आराखड्यात क्षेत्र प्रकल्प, समाजाशी जोडणारे उपक्रम आणि कार्यप्रशिक्षण यांना स्वतंत्र श्रेयांक मिळाले आहेत. ३ तास २० मिनिटांचा तो जुना वाद श्रेयांकांच्या रूपाने आपल्या वेळापत्रकात परत आला आहे. या श्रेयांकांचे अहवाल चकचकीत वेष्टनात बांधून कपाटात ठेवले गेले, तर कागदी फुलांच्या तासाहून ते वेगळे ठरणार नाहीत. अहवालाची एक प्रत ज्या गावाविषयी तो आहे त्या ग्रामसभेत वाचली जावी आणि तेथील हरकती विद्यार्थ्याने लिहून आणाव्यात, अशी अट अभ्यास मंडळांनी घालावी, असे सुचवावेसे वाटते. अडचण आहे ती दिनदर्शिकेची. तेंदूचा हंगाम मे महिन्यात येतो. गावात सगळ्यांत जास्त लेखन, मोजणी आणि भांडणे त्याच तीन आठवड्यांत होतात. विद्यार्थी पहाटे जंगलात आणि दुपारी फळीवर असतो. आणि महाविद्यालयाचा संगणक कक्ष उन्हाळी सुटीमुळे कुलूपबंद असतो.